ओझ्याचा हिशेब



जुलै महिन्यातली शनिवारची बैठक. बाहेर पाऊस, आत वाकोल्याच्या गल्ल्यांमधून आलेल्या पंधरा-वीस जणी. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवायचं आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करायचं, ही इथली जुनी सवय. त्या दिवशी विषय रेशनकार्डांचा होता. तो संपला, सगळ्या उठल्या, तरी एक बाई दाराशी थांबून राहिल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, बैठकीत फारसं न बोलणाऱ्या. सोबत सतरा वर्षांची मुलगी, उजव्या गुडघ्याला क्रेप बँडेज.

"ताई, हा काही आपल्या गटाचा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या, "पण विचारू कोणाला? पोरगी कबड्डी खेळते. गुडघा दोनदा गेला. सर म्हणतात, ताकद कमी पडते, वाढव. घरचे म्हणतात, बंद कर. तुम्ही सांगा काय करू."

मुलीने दप्तरातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला. सरांनी दिलेलं फिटनेसचं वेळापत्रक. हे संपादकीय त्या कागदाबद्दल आहे. 'हा आपल्या गटाचा प्रश्न नाही' हे बाईंचं म्हणणं त्या दिवशी मलाही खरंच वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. का, ते सांगते.

कागदावर सोमवार ते शनिवार असे सहा दिवस होते. सकाळी साडेसहा ते साडेसात धावणं, दोनशे बैठका, शंभर जोर, दोरीवरच्या उड्या. संध्याकाळी सहा ते साडेसात मॅटवर सराव. रविवार विश्रांती. खाली सूचना: रोज अंडी, दूध, सुका मेवा खावा, आठ तास झोप घ्यावी. हेच सहा दिवस वर्षभर. कुठे चढ नाही, कुठे उतार नाही. नवी मुलगी असो की चार वर्षं खेळलेली, आकडे तेच.

सरांना भेटले. माणूस चांगला आहे. स्वतः खेळलेले, नोकरी सांभाळून, पदरमोड करून मुलींना शिकवणारे. कागद मूळचा मुलांच्या संघाचा, हे त्यांनी लपवलं नाही. "मुलींसाठी वेगळं काही नसतं ताई. तुम्हाला समानताच पाहिजे ना?" असं हसत म्हणाले. त्या वाक्यावर मी दोन रात्री विचार करत होते.

मग मुलीला म्हटलं, तुझा दिवस सांग. सरांच्या कागदावरचा नको, खरा सांग. तिच्या गल्लीत पाणी पहाटे येतं. पाचच्या आत नळावर नंबर लावायचा. खोली वरच्या मजल्यावर, चढायला लोखंडी शिडी. पंधरा लिटरचा हंडा, रोज दहा खेपा. म्हणजे दीडशे किलो पाणी कमरेवरून आणि खांद्यावरून शिडीने वर जातं, तेही रोज त्याच एका बाजूने, कारण दुसरा हात शिडीला. मग सरांकडे. मग कॉलेज. मग सराव. आठ वाजता घरी आली की आई कामावरून दमून आलेली असते. स्वयंपाक, भांडी हिची. भाऊ एक वर्षाने मोठा. तोही कबड्डी खेळतो. सरावाहून आला की ताट त्याच्यासमोर येतं. रविवारी, ज्याला कागदावर 'विश्रांती' म्हटलंय, त्या दिवशी आठवड्याचं धुणं.

व्यायामशास्त्रात खेळाडूवर पडणारा ताण मोजायची एक सोपी रीत आहे. कार्ल फॉस्टर या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती रुळवली. यंत्र लागत नाही. सराव संपल्यावर खेळाडूला विचारायचं, आज किती जड गेलं, शून्य ते दहामध्ये सांग. त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. आम्ही दोघी जमिनीवर वही घेऊन बसलो. सकाळचे साठ मिनिटं, तिने सहा गुण दिले: ३६०. संध्याकाळचे नव्वद मिनिटं, सात गुण: ६३०. सरांच्या हिशेबाने दिवस झाला ९९० चा. मग मी म्हटलं, आता पाणी. ती हसायला लागली. "ताई, पाणी काय मोजायचं?" पंचेचाळीस मिनिटं, सहा गुण: २७०. स्वयंपाक-भांडी दोन तास, तीन गुण: ३६०. दिवस झाला १६२० चा. सरांना दिसतो त्याच्या दीडपटीहून जास्त. ही रीत घरकामासाठी बनलेली नाही, आमचा हिशेब ढोबळ आहे, हे मला ठाऊक आहे. पण मुलगी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. आपण 'कमी पडत' नाही, आपण जास्त वाहतो आहोत, हे तिला पहिल्यांदाच लिहिलेलं दिसलं.

ही गोष्ट एका घराची नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. खेळाडू मुलगी या सरासरीच्या बाहेर राहत नाही. ती मैदानावर जाते ती हे सगळं उरकून किंवा हे सगळं डोक्यात ठेवून.

इथे माझाही गुडघा मध्ये येतो. कॉलेजात असताना मीही खेळत होते. चढाईत वळले, पाय मातीत रुतला, अंग वळलं, गुडघा वळला नाही. 'कट्' असा आवाज आला, तो अजून कानात आहे. कोणी म्हणालं मुरगळलाय, कोणी हळद लावायला सांगितली. तीन महिन्यांनी पुन्हा उतरले, पुन्हा गेला. तेव्हा घरात आणि मैदानावर दोन्हीकडे एकच निष्कर्ष निघाला: मुलींचं शरीर यासाठी नसतं. मीही तो निमूट मानला. स्त्रीमुक्तीच्या गप्पा मारायला लागल्यावरही कित्येक वर्षं मी माझ्या गुडघ्याबद्दल तोच निष्कर्ष बाळगून होते. तीस वर्षांनी तेच वाक्य दुसऱ्या एका मुलीच्या घरात ऐकलं, तेव्हा म्हटलं, आता हे तपासून पाहायला हवं.

वाचलं, विचारलं. जे कळलं ते थोडक्यात सांगते. गुडघ्याच्या आतलं ते लिगामेंट फाटण्याचं प्रमाण वळणं-उडी मारणं असलेल्या खेळांत मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त आहे हे खरं. वेगवेगळ्या अभ्यासांत दोनपासून आठ पटींपर्यंत सांगितलं जातं. बरीच वर्षं याचं कारण फक्त बाईच्या देहात शोधलं गेलं. कंबर रुंद, हार्मोन्स वेगळी, गुडघे आत झुकतात, वगैरे. त्यातलं काही असेलही. पण २०२१ साली जोअॅन पार्सन्स, स्टेफनी कोएन आणि शेरी बेकर या तीन संशोधक बायकांनी एक वेगळाच प्रश्न मांडला. मुलीला लहानपणापासून पळू-चढू कमी दिलं जातं, वजनं उचलायला शिकवलं जात नाही, व्यायामशाळेत ती परकी असते, मैदान आणि प्रशिक्षक तिच्या वाट्याला उरलेले येतात, दुखापतीनंतरचे उपचार अर्धवट होतात. मग जे फाटतं त्याला फक्त 'देह' कसं म्हणायचं? ती परिस्थितीही त्या गुडघ्यात उतरलेली असते. आपल्याला हे ओळखीचं वाटेल. बाईच्या हालाचं कारण बाईतच शोधायचं, ही रीत आपण दुसऱ्या अनेक ठिकाणी पाहिली आहे.

आणि हे टाळता येतं. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० फुटबॉल खेळणाऱ्या मुलींचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. काही क्लबांना वीस मिनिटांचा एक ठरावीक वॉर्मअप दिला: धावणं, पोट-पाठ-मांड्यांची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं. त्या मुलींमध्ये एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने. यासाठी लागलं काय? वीस मिनिटं आणि शिकवणारं माणूस. वजनांचं सामानसुद्धा नाही.

'मुलींसाठी वेगळं काही नसतं' या वाक्याचंही मूळ सापडलं. खेळ आणि व्यायामावरच्या सहा नामांकित नियतकालिकांतल्या २०१४ ते २०२० मधल्या ५,२६१ अभ्यासांची मोजणी २०२१ मध्ये झाली. त्यांत भाग घेतलेल्यांपैकी ३४ टक्के बायका. फक्त बायकांवर केलेले अभ्यास सहा टक्के. म्हणजे सरांच्या हातातला कागद मुलांच्या संघाचा होता, तसाच मोठमोठ्या पुस्तकांतला कागदही बराचसा पुरुषांच्या देहावरून लिहिलेला. सर बिचारे एकटेच दोषी नाहीत.

मग मुलीला ताकद वाढवायला सांगूच नये का? अजिबात तसं नाही. उलट हेच मला सगळ्यांत जोर देऊन सांगायचं आहे. ताकद हवीच. पण ताकद आणि कष्ट यात फरक आहे, आणि तो आपल्याकडे नेहमी पुसला जातो.

मीराबाई चानूने टोकियोत २०२१ मध्ये ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्य मिळवलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची लहानपणची लाकडाची मोळी पुन्हा पुन्हा छापली. भावाला उचलली नाही ती मोळी तिने उचलली, म्हणून ती विजेती झाली, अशी गोड गोष्ट. मोळी उचलणाऱ्या बायका या देशात लाखो आहेत. त्यांना पदकं मिळत नाहीत. त्यांना कंबरदुखी मिळते. मीराबाईला पदक मिळालं ते वर्षानुवर्षांच्या आखीव सरावाने, मोजून दिलेल्या आहाराने, विश्रांतीने, आणि खांदा-पाठ दुखायला लागल्यावर २०२० मध्ये अमेरिकेत तज्ज्ञाकडे पाठवण्याची सोय झाली म्हणून. मोळीने तिची निवड झाली असेल, तिला घडवलं मात्र योजनेने.

योजना म्हणजे काय, तेही समजून घेऊ, कारण हे ज्ञान कोणाच्या खिशात राहू नये. शरीराला सवयीपेक्षा थोडं जास्त काम दिलं की ते थकतं. मग त्याला अन्न आणि झोप मिळाली की ते आधीपेक्षा थोडं बळकट होऊन उठतं. ताकद वाढते ती व्यायामाच्या वेळी नाही, नंतरच्या विश्रांतीत. म्हणून योजनेत चार गोष्टी हव्यात: आज कुठे आहोत याची मोजणी, हळूहळू चढतं ओझं, मध्ये विसावा, आणि खेळाला लागेल तेच काम. कबड्डीत चढाई तीस सेकंदांची; त्यात झेप, अचानक वळण, मागे सरकणं, पकडीतून सुटणं. त्याला दोनशे बैठका फार उपयोगी नाहीत. त्याला लागते एका पायावर उतरण्याची ताकद, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, कमरेची पकड. पाण्याच्या हंड्यात यातलं काहीच नाही. हंडा रोज तेवढाच, त्याच बाजूला, विसाव्याशिवाय. हंड्याने मुलगी थकते. थकलेली मुलगी संध्याकाळी मॅटवर वळते, आणि गुडघा जातो.

आता जेवणाचं. कागदावर 'अंडी, दूध, सुका मेवा' लिहिलेलं होतं, पण ते आणायचं कोणी आणि घरात द्यायचं कोणाला, हे लिहिलेलं नव्हतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. रक्त कमी म्हणजे दम कमी. अशा मुलीला 'स्टॅमिना नाही' म्हणून आणखी पळवणं म्हणजे रिकाम्या शेगडीवर भांडं ठेवून उकळी का येत नाही म्हणून ओरडणं. ताकदीचा सराव करणाऱ्याला रोज शरीराच्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या मुलीला साठ ते शंभर ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस. सुका मेवा नको; शेंगदाणे, फुटाणे, मोड आलेली मटकी, डाळ, दोन अंडी यांत बरंच भागतं. पण या घरात अंडी दोनच यायची आणि ती भावाच्या ताटात जायची. "तो खेळतो ना," आई म्हणाली. म्हणाली आणि थांबली. पुढे कोणाला काही बोलावं लागलं नाही.

कमी खाऊन जास्त कसरत केली की मुलीची पाळी लांबते, बंद होते. कित्येक ठिकाणी याला 'बरंच झालं, कटकट गेली' म्हणतात. ही कटकट जाणं नाही, ही धोक्याची घंटा आहे. शरीर खर्च कमी करायला लागलंय, हाडंसुद्धा ठिसूळ होऊ शकतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या ऊर्जेच्या तुटीला स्वतंत्र नाव देऊन प्रशिक्षकांना सावध केलं. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टर, हे प्रत्येक मैदानावर भिंतीवर लिहायला हवं.

पाळीबद्दल आणखी थोडं. २०२४ मध्ये पॅरिसला मीराबाईचं पदक एका किलोने हुकलं. तिने १९९ किलो उचलले, कांस्य २०० वर गेलं. नंतर ती म्हणाली की पाळीचा तिसरा दिवस होता, अशक्तपणा वाटत होता. एवढ्या मोठ्या मंचावर हे वाक्य उच्चारलं गेलं, याचं मोल मला पदकापेक्षा कमी वाटत नाही. पण सावधही राहू. आता 'पाळीच्या चक्राप्रमाणे व्यायाम' अशी नवी फॅशन निघाली आहे: अमुक दिवशी हेच, तमुक दिवशी तेच. आजवरचे अभ्यास एकत्र पाहिले तर पाळीच्या पहिल्या दिवसांत कामगिरीतला सरासरी फरक अगदी थोडा दिसतो, आणि बाईबाईत फार फरक असतो. म्हणजे नियम एकच: तिला विचारा. आणि जी नोंद ठेवायची ती तिच्या वहीत, तिच्या हातात. मुलींच्या पाळीचे तक्ते सरांच्या टेबलावर टांगले गेले, तर ती काळजी राहत नाही, पाळत होते.

यालाच लागून स्पर्शाचा प्रश्न येतो. ताकदीचा व्यायाम शिकवताना कंबर धरून, खांदा धरून दाखवावं लागतं असं म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या नामांकित महिला कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा खेळाच्या जगात मुलगी किती एकटी असते हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणून हे पाठ करून ठेवा: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल, स्पर्धेची जागा हे सगळं 'कामाचं ठिकाण' म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. संस्थेत समिती नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. व्यायाम दाखवायचा तर आधी तोंडाने सांगून, मग दुसऱ्या मुलीच्या अंगावर त्या मुलीकडूनच दाखवून, आणि हात लावायचाच तर विचारून. एवढं साधं आहे.

आता थोडं आपल्याविषयी. १९८० च्या दशकात मुंबईतल्या स्त्रीचळवळीचं विमेन्स सेंटर इथे वाकोल्यातच होतं. तेव्हापासून आपण बाईच्या शरीरावर बोलतो आहोत. शिबिरं घेतली, गर्भाशयाची चित्रं काढली, गर्भनिरोधकांवर भांडलो, मारहाणीच्या खुणा मोजल्या. ते सगळं करायलाच हवं होतं. पण मागे वळून पाहते तेव्हा दिसतं, आपल्या शिबिरांत बाईचं शरीर म्हणजे मूल होणारं, आजारी पडणारं, मार खाणारं. बळकट होणारं शरीर आपण कधी विषय म्हणून घेतलंच नाही. फार तर स्वसंरक्षणाचे दोन तास, तेही हल्ल्याच्या भीतीतून. एखाद्या मुलीला केवळ आनंदासाठी, जिंकण्यासाठी, आपल्या अंगाची मालकी जाणवण्यासाठी ताकद हवी असेल, हे आपल्याही यादीत नव्हतं. म्हणून ती बाई म्हणाली की हा आपल्या गटाचा प्रश्न नाही. ते आपल्याकडूनच तिच्यापर्यंत पोचलं होतं.

आणि या मुली कमी कर्तबगार आहेत का? आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये आली, महिलांची यायला २०१० उजाडलं. त्यानंतरच्या चार स्पर्धांत आपल्या मुलींनी तीन सुवर्ण आणि एक रौप्य आणलं. हांगझोऊला ७ ऑक्टोबर २०२३ रोजी २६-२५ अशा एका गुणाने जिंकलेलं सुवर्ण हे त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक होतं. २०१८ च्या रौप्य संघातली सोनाली शिंगटे लोअर परळची. सुरुवातीला बूट घ्यायला पैसे नव्हते, ते 'शिवशक्ती'च्या प्रशिक्षकांनी, राजेश पाडावे यांनी पाहिलं. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे. संघासोबत व्यायामतज्ज्ञ, फिजिओ सगळे. त्याच आयोजकांनी मुलींसाठी तीन संघांची स्पर्धा भरवली ती एकदाच, २०१६ मध्ये. जिथे पैसा नाही तिथे फिजिओ नाही, आणि जिथे फिजिओ नाही तिथे गुडघ्याला हळद.

आम्ही काय केलं ते सांगते, मोठेपणा म्हणून नाही, तुम्हाला करून पाहता यावं म्हणून. आधी मुलीला सरकारी रुग्णालयात नेलं. लिगामेंट अर्धवट फाटलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी तूर्त शस्त्रक्रिया नको म्हटलं, पण निदान सहा महिने खेळ बंद आणि व्यायाम नेमाने. डिसेंबरची निवड चाचणी गेली. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत बोलली नाही. हे नुकसान भरून येणारं नाही, तसं मी म्हणणारही नाही.

मग बैठक घेतली: सर, संघातल्या अकरा मुली, त्यांच्यापैकी सात जणींच्या आया, आणि फिजिओथेरपी शिकलेली आमची एक मैत्रीण. प्रत्येक मुलीने आपला खरा दिवस मोठ्याने वाचला. सर खाली मान घालून लिहून घेत होते. शेवटी म्हणाले, "मला वाटायचं ह्या उशिरा येतात कारण मन नाही." त्यानंतर नवा कागद सगळ्यांनी मिळून केला. बारा आठवड्यांचा. ताकदीचे दिवस आठवड्यात दोनच, मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर, दर वेळी चाळीस मिनिटं. पहिले दोन आठवडे वजन नाही: उडी मारून आवाज न करता उतरायचं, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवायचा, एका पायावर उभं राहून जोडीदारणीचा धक्का सोसायचा. मग रेतीच्या पिशव्या, पाच किलोपासून. आठ-दहा वेळा, तीन फेऱ्या, आणि 'अजून दोन होतील' असं वाटेल तिथे थांबायचं. गुडघे टेकून बसायचं, जोडीदारणीने घोटे धरायचे, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी यासारखं स्वस्त आणि कठीण दुसरं नाही. दर चौथा आठवडा हलका. रोजच्या सरावाआधी वीस मिनिटांचा वॉर्मअप, घाई असली तरी. आणि कागदाच्या शेवटच्या रकान्यात मुलीने आपल्या हाताने लिहायचं: झोप किती, घरचं काम किती, आज किती जड गेलं. आकडा फुगला असेल तर त्या दिवशी बैठका कापायच्या. सरांनी हे मान्य केलं.

पण सगळ्यांत कठीण रकाना मैदानावरचा नव्हताच. तो होता पाण्याचा. आईने घरी विषय काढला, तेव्हा आठवडाभर घरात बोलणं बंद होतं. आजीने 'पोराला हंडा उचलायला लावता?' म्हणून जेवण सोडलं. शेवटी भाऊच म्हणाला, सोमवार, बुधवार, शुक्रवार मी भरतो. मित्र हसले, हे खरं. चार दिवस अजून हिचेच आहेत. अंडी आता चार येतात, दोघांत दोन-दोन. एवढंच झालं आहे. याला क्रांती म्हणायची माझी तयारी नाही, पण ताकदीच्या कुठल्याही पुस्तकात नसलेला हा व्यायाम त्या मुलीच्या गुडघ्याला सगळ्यांत जास्त उपयोगी पडणार आहे, एवढं मला कळतं.

सरांच्या त्या प्रश्नाचं उत्तरही मला आता देता येतं. समानता म्हणजे दोघांना एकच कागद देणं नव्हे. समानता म्हणजे दोघांची ओझी आधी एकाच तराजूत मोजणं, आणि मग कागद लिहिणं.

म्हणून तुमच्या गटांना विनंती आहे. तुमच्या वस्तीतल्या, शाळेतल्या, गावातल्या खेळणाऱ्या मुली शोधा. त्यांच्या सरावाचा कागद मागून घ्या. नसेल तर का नाही ते विचारा. त्यांचा खरा दिवस लिहून काढा. रक्ताची तपासणी करून घ्या. तक्रार कुठे करायची ते मैदानावर लावलं आहे का पाहा. वॉर्मअपची वीस मिनिटं आणि बायकांसाठी मैदानाची सोयीची वेळ मागा, नगरसेवकाकडे, शाळेकडे, मंडळाकडे. आणि पुढच्या शिबिरात निदान एक सकाळ आपणही, चाळिशी-पन्नाशीच्या, एका पायावर उभ्या राहू. मी उभी राहिले. सात सेकंद टिकले. मुली हसल्या, मग एकीने हात दिला. आता वीसपर्यंत गेले आहे.

तुमच्याकडच्या मुलींचे कागद आणि त्यांचे खरे दिवस आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात ते शेजारी-शेजारी छापायचं ठरवलं आहे.